जुन्या गोद्या लोकांसाठी खुल्या झाल्या त्या कशा? आपल्या तलावाच्या आराखड्याच्या निमित्ताने

गिरणाकाठ (धागाकर्ता)

आमच्या तालुक्याच्या गावाबाहेर जो जुना तलाव आहे, त्याच्या सुशोभीकरणाचा आराखडा गेल्या महिन्यात नागरिकांसमोर ठेवण्यात आला. फरसबंदी, दिवे, कारंजे, खाद्यपदार्थांचे गाळे आणि वाहनतळ यांची त्यात सविस्तर मोजमापे आहेत. पाण्याविषयी मात्र मला एकच वाक्य सापडले: ‘तलावात नौकाविहाराची सोय करण्यात येईल.’ होळीनंतर त्या तलावात गुडघाभर पाणी आणि मांडीभर गाळ असतो, हे वाक्य लिहिणाऱ्याने पाहिलेले नसावे.

नोकरीच्या निमित्ताने मी काही वर्षे इंग्लंडमधील ब्रिस्टल शहरात राहिलो. तेथील जुन्या गोदीच्या काठाने रोज कामावर जात असे, म्हणून तिच्याविषयी थोडे लिहितो.

ब्रिस्टलचे मूळ बंदर समुद्रकिनाऱ्यावर नसून आत, ॲव्हन नदीवर होते. या नदीच्या मुखाशी भरती आणि ओहोटी यांतील फरक बारा-चौदा मीटरपर्यंत जातो, त्यामुळे पाणी ओसरले की धक्क्याला लागलेली जहाजे चिखलात कलंडून पडत. विल्यम जेसप या अभियंत्याने यावर जो उपाय काढला, तो आजही पाहावा असा आहे. त्याने शहरातून वाहणारा नदीचा भागच दरवाजे घालून अडवला, नदीला वाहून जाण्यासाठी दक्षिणेकडून ‘न्यू कट’ नावाचा नवा प्रवाह खोदून दिला आणि १८०९ मध्ये शहराच्या मध्यभागी सुमारे ७० एकरांचे, पातळी न बदलणारे पाणी तयार झाले. जहाजे त्यात सदैव तरंगती राहत, म्हणून त्याचे नाव ‘फ्लोटिंग हार्बर’, म्हणजे तरती गोदी.

पाणी अडले तसा गाळही अडला. गोदी भरत चालली, तेव्हा १८३० च्या दशकात इसंबार्ड किंग्डम ब्रुनेल या अभियंत्याला सल्ल्यासाठी बोलावण्यात आले. त्याने तळाच्या पातळीवर खोल झडपा बसवण्याची व्यवस्था सुचवली. बाहेर ओहोटी लागली असताना या झडपा उघडल्या की आतले पाणी जोराने बाहेर धावते आणि जाताना तळाचा गाळ ओढून नेते. ही व्यवस्था जेथे आहे त्या जागेला अंडरफॉल यार्ड म्हणतात, आणि गोदीची पातळी आजही तेथूनच राखली जाते. आत येणारे ताजे पाणी वरच्या अंगाला नेदम येथे ॲव्हनमधून घेतले जाते. सांगायचा मुद्दा असा की दोनशे वर्षे झाली तरी पाणी आत घेणे, पातळी धरणे आणि गाळ बाहेर काढणे हे काम तेथे एक दिवसही थांबलेले नाही, आणि मालवाहू जहाजे १९७५ मध्ये बंद झाल्यावरही ते थांबवता आले नाही.

व्यापार घटू लागल्यावर गोदीचा काही भाग बुजवून त्यावरून मोठे रस्ते नेण्याचा विचार झाला होता. त्याला विरोध म्हणून १९७१ मध्ये लोकांनी गोदीत नावांचा मेळा भरवला आणि या पाण्याचा दुसरा उपयोग काय होऊ शकतो, हे प्रत्यक्षच दाखवले. आज तेथे दरवर्षी जो बंदर-उत्सव होतो, त्याचे मूळ त्या मेळ्यात आहे. १८४३ मध्ये याच गोदीत बांधलेले ‘ग्रेट ब्रिटन’ हे लोखंडी जहाज १९७० मध्ये फॉकलंड बेटांवरून ओढत आणून त्याच्याच जन्माच्या सुक्या (पाणी काढून टाकता येणाऱ्या) गोदीत ठेवले आहे. माल ठेवण्याच्या वखारींत संग्रहालय आणि कलादालने आहेत, वल्हवण्याचे क्लब आहेत, प्रवासी होड्या आहेत आणि कायमचे नावेतच राहणारे लोकही आहेत.

या सर्वांपेक्षा मला नवल वाटे ते एका पदाचे. हार्बर मास्टर या अधिकाऱ्याच्या हाती ते पाणी सोपवलेले असते. कोणती नाव कोठे बांधायची, किती वेगाने चालवायची, दरवाजे केव्हा उघडायचे, कोणाला पाण्यात उतरू द्यायचे, या सर्व प्रश्नांची तड एका कचेरीत लागते. आमच्या आराखड्यात फरशीचा ठेकेदार आहे, दिव्यांचा ठेकेदार आहे, पाण्याचा धनी मात्र कोणी नाही. जुने जलाशय लोकांसाठी खुले करताना हे कसे साधता येईल, यावर जाणकारांनी लिहावे.

पांझरापुत्र

गिरणाकाठ भाऊ, माहिती चांगली आहे. परंतु ही तुलना मला मूळातच पटत नाही. गोदी म्हणजे मुद्दाम बांधलेले, चारही बाजूंनी दगडी भिंतींचे, बारमाही नदीवर पोसलेले पाणी. आपल्याकडे चार महिने पावसाचे आणि आठ महिने उन्हाचे. मे महिन्यात पारा ४४-४५ अंशांवर असताना उघड्या तलावातून दिवसाला जवळपास सेंटिमीटरभर पाणी नुसते उन्हाने उडून जाते. धुळ्यात पांझरेचे पात्र उन्हाळ्यात पाहिलेल्या माणसाला पातळी राखण्याची भाषा चेष्टेची वाटेल, आणि तीच नदी पावसाळ्यात काठची बांधकामे कशी धुऊन नेते, हेही आम्ही पाहिले आहे. तेव्हा ब्रिस्टलचे कौतुक ब्रिस्टललाच शोभते.

रुईगाठ

पांझरापुत्र यांचा आक्षेप अर्धा बरोबर आहे असे मी म्हणेन. हवामान वेगळे आहे, मात्र दुर्लक्ष केल्यावर काय होते याचा नियम सगळीकडे सारखाच आहे. त्यासाठी लिव्हरपूलचे उदाहरण देतो, आणि त्या शहराशी आपल्या खानदेशाचे एक जुने नातेही आहे. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध चालू असताना तिकडचा कापूस बंद झाला आणि इंग्लंडमधील लँकेशायरच्या कापडगिरण्यांसाठी हिंदुस्थानातून, त्यात खानदेशातूनही, रुईच्या गाठी मुंबईमार्गे लिव्हरपूलला जाऊ लागल्या. त्याच दशकात लोहमार्ग भुसावळपर्यंत येऊन पोहोचला होता. आमच्या घरी पणजोबांच्या तोंडी ‘लिवरपूलचा भाव’ हा शब्द असे, असे आजी सांगत असे. ते शहर कोठे आहे हे त्यांना ठाऊक होते की नाही, देव जाणे.

तेथील अल्बर्ट डॉक १८४६ मध्ये खुला झाला. जेसी हार्टली या अभियंत्याने वखारी उभारताना लाकूड टाळून वीट, दगड आणि लोखंड एवढेच वापरले, कारण कापूस, साखर आणि मद्य यांच्या वखारींना आग लागणे ही तेव्हाची नेहमीची गोष्ट होती. पुढे जहाजे मोठी झाली, गोदी लहान पडली आणि १९७२ मध्ये ती बंद झाली. त्यानंतरचा भाग आपल्या कामाचा आहे. दक्षिणेकडच्या गोद्यांचे दरवाजे उघडे सोडून देण्यात आले, मर्सी नदीची भरती रोज दोनदा आत येऊ लागली आणि दरवेळी थोडा गाळ मागे ठेवून जाऊ लागली. दहा वर्षांच्या आत त्या भव्य वखारींसमोर पाण्याऐवजी काळ्या चिखलाचे मैदान झाले. वखारी पाडून टाकाव्यात, असा विचारही झाला होता.

१९८१ मध्ये त्या परिसरासाठी विकास महामंडळ स्थापन झाले, आणि त्याने प्रथम काय केले हे पाहण्यासारखे आहे. गाळ उपसला, दरवाजे दुरुस्त करून पुन्हा बसवले आणि पाणी परत आणले. १९८४ मध्ये शिडांची मोठी जहाजे तेथे आली, तेव्हा बऱ्याचशा इमारती अजून रिकाम्याच होत्या. संग्रहालये, टेट हे कलादालन आणि उपाहारगृहे यांच्यासह सर्व परिसराचे रीतसर उद्घाटन झाले ते १९८८ मध्ये. आपल्याकडे हाच क्रम उलटा असतो: आधी गाळे, मग फरशी, आणि पाण्याचे पाहू पुढच्या निधीत.

जाता जाता एक गंमत. पाणी परत आल्यावर त्या गोद्यांच्या भिंतींवर शिंपल्यांची दाट वाढ झाली आणि पाणी गाळून घेण्याच्या त्यांच्या सवयीमुळे ते बरेच नितळ झाले. फुकटात मिळालेले असे सफाई कामगार आपल्याकडे कोणत्या विभागाच्या आस्थापनेवर दाखवले गेले असते, कोण जाणे.

मात्र त्यांचेही सगळेच नीट झाले असे नाही. लिव्हरपूलच्या बंदर-परिसराला २००४ मध्ये जागतिक वारसास्थळाचा दर्जा मिळाला होता, तो २०२१ मध्ये युनेस्कोने काढून घेतला. उत्तरेकडील गोद्यांत चालू असलेली आणि योजलेली नवी बांधकामे हे त्याचे कारण होते. त्यांपैकी एका गोदीत तर फुटबॉलचे क्रीडांगण उभे राहिले आहे.

मेहरूणचे बोर

मी जळगावचा असून रोज पहाटे मेहरूण तलावावर फिरायला जाणाऱ्यांपैकी आहे. (नाव घेतले आहे ते बोरांवरून, त्या बोरांची गोडी आता बाजारातल्या मोठ्या बोरांत नाही.) एक साधा प्रश्न आहे. आपल्या तलावावर फिरणारे येतात, गणपती विसर्जनाला सारे गाव येते, गुरे धुणारा येतो, कपडे धुणाऱ्या बायका येतात, गळ टाकून बसणारी मुले येतात. गोदीवर एवढी गर्दी एकमेकांच्या अंगावर येत नसावी. आपल्याकडे ‘लोकांसाठी खुले’ म्हणताना यांतले नेमके कोणते लोक मोजायचे?

तापीची लेक

मेहरूणचे दादा, गर्दी गोदीवरही असते. मुंबईची ससून गोदी एकदा पाहा. मी मूळची नंदुरबार जिल्ह्यातली, तापीकाठच्या गावातली, आणि गेली बरीच वर्षे कुलाब्याजवळ राहते. ससून कुटुंबाने भर घातलेल्या जमिनीवर १८७५ मध्ये ही गोदी बांधली, ती कापसाच्या व्यापारासाठी. म्हणजे रुईगाठ यांच्या पणजोबांचा या गोदीशीही संबंध निघू शकेल. आज ती मासळीची गोदी आहे. पहाटे उजाडण्यापूर्वी होड्या लागतात, लिलाव होतात, कोळणी टोपल्या भरून निघतात आणि शेडमध्ये ओळीने बसून कोलंबी सोलण्याचे काम चालते. १ जून ते ३१ जुलै या मासेमारीबंदीच्या काळात मात्र तेथे जाळी विणणे आणि होड्यांची डागडुजी एवढेच दिसते.

२०१७ मध्ये तेथील जुन्या इमारतींत चित्रे आणि मांडणशिल्पे यांचे मोठे प्रदर्शन भरले होते. एरवी नाकाला रुमाल लावून गोदीवरून जाणारे लोक रांगा लावून आत आले. गोदीत काम करणाऱ्यांची छायाचित्रे भिंतींवर मोठी करून लावलेली होती, ते मला आवडले. तरीही एका मावशीने मला जे विचारले ते विसरता येत नाही. तिने विचारले, ‘बाई, ही माणसे कायमची येणार असतील, तर आम्हाला वास येतो म्हणून उठवणार नाहीत ना?’

इंग्लंडमधल्या गोद्यांतून आधी काम गेले आणि मग विरंगुळा आला. आपल्याकडे काम अजून चालू आहे. प्रकाशे, सारंगखेडा येथे तापीवर बंधारे झाले आणि पाणी बारमाही दिसू लागले, तसा त्या पाण्यावर भोई आणि कोळी बांधवांचा संसार उभा राहिला. तेथे उद्या नौकाविहाराचा ठेका निघाला आणि ठेकेदाराने ‘जाळी पंख्यात अडकतात’ अशी तक्रार केली, तर कोणाचे ऐकले जाईल, हे सांगायला ज्योतिषी नको. माझ्या मते आराखड्याच्या पहिल्या पानावर आज त्या पाण्यावर पोट असणाऱ्यांची यादी असावी आणि त्यांच्या वेळा व जागा आधी राखून, उरलेल्यात फिरणाऱ्यांची सोय करावी.

पाटकरी

धागा वाचून राहवले नाही. मी साक्री तालुक्यातला, पाटबंधाऱ्याच्या नोकरीतून निवृत्त झालेला माणूस आहे. गिरणाकाठ यांनी पाण्याचा धनी कोण असे विचारले आहे, आणि पांझरापुत्रांनी पांझरेचे नाव घेऊन विषय संपवला आहे. त्याच पांझरेवर शेकडो वर्षे फडपद्धत चालली, हे आपण दोघेही विसरलात याचे आश्चर्य वाटते.

नव्या पिढीसाठी थोडक्यात सांगतो. नदीवर दगडी बंधारा, त्याच्या एका अंगाने निघालेला पाट, पाटाच्या चाऱ्या, आणि जादा झालेले पाणी नदीत परत सोडणारा सांडवा, एवढी ही बांधणी. भिजणाऱ्या जमिनीचे साधारण तीन-चार फड पाडलेले असत. एका फडात सर्वांनी एकच पीक घ्यायचे आणि ते वर्षावर्षाला फिरवायचे. हे सारे चालवण्यासाठी माणसे नेमलेली होती. पाटकरी पाणी वाटणार, जागल्या राखण करणार, आणि त्यांच्यावर गावाने निवडलेले पंच. पाण्यासाठी शेतकऱ्याने स्वतः चारी फोडायची नाही, हा दंडक होता. पावसाळ्यानंतर पाटातला गाळ काढण्यासाठी प्रत्येक घरातून माणूस यायचा. पाणी कमी असेल त्या वर्षी पंच एखादा फड कोरडा ठेवण्याचा निर्णय घेत, आणि तो सर्वांवर सारखा बसे.

म्हणजे हार्बर मास्टर हे पद पाहायला ब्रिस्टलला जाण्याची गरज नव्हती. आपल्या पाटकऱ्याला गणवेश नव्हता, एवढाच काय तो फरक. बंधारे अनेक ठिकाणी आजही उभे आहेत. जेथे पंच आणि पाटकरी ही साखळी तुटली, तेथे मात्र शाबूत बंधाऱ्यामागे नुसती वाळू आणि गाळ दिसतो.

पांझरापुत्रांच्या मुद्द्यालाही उत्तर यातच आहे. फडाने पातळी कायम राखण्याचा हट्ट धरला नव्हता. पाणी किती आहे ते पाहून त्या वर्षाचा वापर ठरवला जात असे. तलावाचेही तसेच करावे. भाद्रपद ते पौष पाणी खोल असते, तेव्हा नावा चालवाव्यात. माघ-फाल्गुनात बंद कराव्यात. चैत्र-वैशाखात उघड्या पडलेल्या भागातला गाळ शेतकऱ्यांना नेऊ द्यावा, जमीन सुधारते आणि तलावही मोकळा होतो. मात्र वरचा सुपीक गाळ संपून मुरूम लागला की तेथेच थांबावे. आमच्या नोकरीच्या काळात एका ठिकाणी यंत्र हाताशी आहे म्हणून खोल खोल खोदत गेले आणि तलावाचा न पाझरणारा थरच फोडला. पुढच्या वर्षी पाणी दिवाळीलाच आटले.

वाघूर

सुरक्षिततेचा मुद्दा अद्याप कोणी घेतला नाही. माझे काम पोहण्याच्या प्रशिक्षणाचे आहे, म्हणून लिहिते.

जुन्या गोदीची भिंत सरळ उभी असते. पडलेल्या माणसाला धरायला काहीच मिळत नाही. म्हणून तिकडे भिंतीला ठरावीक अंतरावर लोखंडी शिड्या, पाण्यालगत धरण्यासाठी साखळ्या आणि काठावर तरंगती कडी ठेवलेली असतात. आपल्या तलावात धोका निराळा असतो. काठ उतरता दिसतो, मुले विश्वासाने आत जातात, आणि गाळ उपसताना यंत्राने पाडलेला खड्डा गढूळ पाण्याखाली दिसत नाही. त्यामुळे गाळ काढतानाच तळाला सारखा उतार देणे आणि खोल भागाच्या अलीकडे तरंगत्या पिंपांची ओळ बांधणे, हे दोन नियम तरी आराखड्यात हवेत. सध्याच्या आराखड्यांत सुरक्षितता म्हणजे ‘येथे पोहण्यास मनाई आहे’ असा फलक, आणि बहुधा मुले त्या फलकावरच कपडे टांगून पाण्यात उतरतात.

मनाई ब्रिस्टलच्या गोदीतही आहे, परंतु लोकांची मागणी वाढल्यावर २०२३ मध्ये तेथे एका ठरावीक कोपऱ्यात, जीवरक्षकांच्या देखरेखीखाली, शुल्क घेऊन पोहू देण्याचा प्रयोग करण्यात आला. कोपनहेगनने त्याच्या खूप आधी, २००२ मध्ये, बंदराच्या पाण्यातच पोहण्याची जागा तयार केली. त्यासाठी आधी सांडपाणी बंदरात येऊ न देण्याची कामे अनेक वर्षे चालली होती, आणि आजही जोराच्या पावसाने गटारे ओसंडली की ती जागा बंद ठेवतात. मँचेस्टरजवळच्या सॉल्फर्डच्या गोद्या १९८२ मध्ये बंद झाल्या, तेव्हा पाणी इतके मेलेले होते की काठावर थांबवत नसे. त्यांनी गोद्यांच्या तोंडाशी बांध घालून कालव्याचे घाण पाणी वेगळे केले, आतल्या पाण्यात यंत्राने हवा सोडून ते वरखाली घुसळत ठेवले आणि मग मासे सोडले. आता तेथे लोक पोहतात. आपल्याकडे कारंज्याचे समर्थन ‘त्याने पाण्यात हवा मिसळते’ असे करतात. वरच्या बाजूने नाला येतच असेल, तर त्या कारंज्याने दुर्गंधी उंच उडते, इतकेच.

पांझरापुत्र

पाटकरी अण्णा, फडाचे आपण म्हणता ते मान्य. माझ्या आजोळी शेवटचा पाटकरी मी लहानपणी पाहिला आहे, तरी तो मला येथे आठवला नाही, ही चूक कबूल करतो. वाघूर ताईंचेही पटले. तरी एक शंका राहतेच. फडातल्या पाटकऱ्याला शेतकरी धान्य देत, कारण त्यांचे पीक त्याच्यावर अवलंबून होते. तलावावर फिरायला येणारा माणूस पाटकऱ्याचा पगार का देईल? ब्रिस्टलची गोदी स्वतःचा खर्च स्वतः भागवते का?

गिरणाकाठ (धागाकर्ता)

प्रामाणिक उत्तर असे, की भागवत नाही. नावा बांधण्याचे भाडे, परवाने आणि जागांचे भाडे यांतून उत्पन्न येते. मात्र दरवाजे, धक्क्याच्या भिंती आणि गाळ यांचा खर्च त्याहून अधिक असल्याने तूट शहराच्या तिजोरीतून भरावी लागते. २०२३ च्या सुमारास ती कमी करण्यासाठी शुल्क बरेच वाढवण्याचा प्रस्ताव आला, तेव्हा नावेत राहणाऱ्या लोकांनी जोरदार विरोध केला. काठावर घरे आणि उपाहारगृहे बांधणाऱ्यांनी पाण्याच्या शोभेवर पैसा मिळवला आणि पाण्याचा खर्च आमच्या माथी, असा त्यांचा युक्तिवाद होता, आणि त्यात मला तथ्य वाटते.

त्यावरून आमच्या गावासाठी एक गोष्ट सुचते. आराखड्यात जे खाद्यपदार्थांचे गाळे आहेत, त्यांचे भाडे सर्वसाधारण जमेत न जाता तलावाच्या स्वतंत्र खात्यात जमा व्हावे आणि पाटकऱ्याचा पगार व गाळाचा खर्च त्यातून व्हावा. गाळे मला नको होते, पण होणारच असतील, तर त्यांनी पाण्याचे देणे द्यावे. तापीची लेक यांच्या सूचनेप्रमाणे तलावावर पोट असणाऱ्यांची यादी आम्ही तिघे-चौघे या रविवारपासून करत आहोत. आतापर्यंत मासेमारी करणारी आठ घरे, परीट समाजाची तीन घरे आणि शिंगाडा लावणारे एक आजोबा एवढे ध्यानात आले आहेत. मेहरूणकर दादा, विसर्जनासाठी मुख्य पाण्यापासून वेगळा, काठाला लागून हौद करावा आणि मूर्ती व निर्माल्य तेथूनच उचलावे, असे लिहून देत आहोत.

हरकती नोंदवण्याची मुदत आखाजीनंतरच्या (अक्षय्य तृतीयेनंतरच्या) आठवड्यात संपते. तोपर्यंत पाणी दर आठवड्याला किती उतरते, याची नोंद हाती असावी म्हणून घाटाच्या पायरीला लागून मोजपट्टीचा खांब रोवण्याचा विचार आहे. अण्णा, पट्टीचा शून्य तळाशी धरावा की पायरीशी?

पाटकरी

दोन्हीकडे नको. तळ दर पावसाळ्याला गाळाने वर येतो, आणि पायऱ्या सुशोभीकरणात उखडल्या जातील. जुन्या विमोचकाचा, म्हणजे तलावातून पाणी बाहेर सोडण्याच्या दाराचा, दगडी उंबरा शोधा, तो बहुधा बंधाऱ्याच्या पूर्वेच्या अंगाला झाडोऱ्यात असेल. शून्य त्याच्या माथ्याशी धरा आणि पारदर्शक नळीत पाणी भरून ती पातळी खांबावर आणा. खांब लाकडाचा नको, जुन्या रुळाचा तुकडा मिळाला तर पाहा. नोंद सकाळी एकाच वेळी घ्या. दुपारी वारा सुटला की काठाचे पाणी बोटभर हलते.